बॅज कुठे होता?

काही वर्षांपूर्वी, मी तेव्हा ज्या रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम करत होते तेथे, टीएलडी बॅजच्या (अंगावर किती किरण पडले ते मोजण्यासाठी छातीवर लावायच्या बिल्ल्याच्या) तिमाही अहवालात माझ्या नावापुढे असा आकडा आला की त्या रात्री मला झोप लागली नाही. एरवी शून्य किंवा त्याच्या आसपास असणारी मात्रा, म्हणजे शरीराला मिळालेल्या किरणांचे माप, अचानक कित्येक मिलिसिव्हर्टवर (हे त्या मापाचे एकक) गेली होती. चौकशीत कारण सापडले. घरी जाताना मी माझा पांढरा कोट चेस्ट स्टँडशेजारच्या (छातीचा एक्स-रे काढताना रुग्ण ज्यापुढे उभा राहतो त्या चौकटीशेजारच्या) खुंटीला अडकवत असे आणि बॅज त्याच्या खिशालाच राहत असे. मी नसतानाही पुढच्या पाळ्यांमध्ये तेथे छातीचे एक्स-रे निघत होते आणि ते सारे किरण माझ्या नावावर जमा होत होते.

ही मोजणी मुळात इतकी नाजूक का आहे, हे मला त्यानंतर नीट समजून घ्यावेसे वाटले. प्रारणाची, म्हणजे अशा किरणांची, जाणीव शरीराला होत नाही. अंगभर एकदम ४ ग्रे (शरीरात शोषलेल्या किरणऊर्जेचे एकक) मात्रा माणसांना मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर त्यातील सुमारे निम्मी माणसे दगावतात. परंतु तीच ऊर्जा उष्णतेच्या हिशेबाने पाहिली तर शरीराचे तापमान अंशाच्या जेमतेम एक हजारांश भागाने वाढते. ना चटका बसतो, ना ऊब लागते. म्हणून आपल्याऐवजी ती नोंद ठेवणारी वस्तू अंगावर वागवावी लागते.

आपल्या देशात वापरल्या जाणाऱ्या बॅजमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर तीन गोल चकत्या बसवलेल्या असतात. डिस्प्रोशियम या धातूचा अंश मिसळलेले कॅल्शियम सल्फेट टेफ्लॉनमध्ये कालवून त्या बनवतात. किरण पडले की या स्फटिकातील इलेक्ट्रॉन जागचे हलून मध्येच अडकून बसतात आणि महिनोन्‌महिने तसेच राहतात. प्रयोगशाळेत चकती जवळपास ३०० अंशांपर्यंत तापवली की ते सुटतात व सुटताना मंद प्रकाश देतात. तो प्रकाश मोजला की मात्रा कळते. चकत्या तीन असण्याचे कारण मला विशेष आवडते. एका चकतीवर धातूचे आवरण असते, दुसरीवर प्लास्टिकचे आणि तिसरी उघडीच असते. एक्स-रेसारख्या कमी ऊर्जेच्या किरणांना हा पदार्थ प्रत्यक्षाहून कितीतरी अधिक प्रतिसाद देतो, त्यामुळे एकाच चकतीवर विसंबले तर आकडा फसवा निघेल; तिन्हींच्या प्रकाशाचे प्रमाण ताडून पाहिले की किरण कोणत्या जातीचे होते ते उमगते आणि त्यानुसार मात्रा दुरुस्त करता येते. शिवाय प्रत्येक संस्थेत एक कंट्रोल कार्ड, म्हणजे तुलनेसाठीचे तसेच कार्ड, किरणांपासून दूर ठेवलेले असते, म्हणजे निसर्गातून येणारे प्रारण हिशेबातून वजा होते.

एवढी काटेकोर व्यवस्था असूनही, बॅज घेणारा माणूस कोठे उभा होता हे चकतीला ठाऊक नसते. ती फक्त स्वतःपुरते सांगते. बॅज लेड ॲप्रनच्या (किरण अडवणाऱ्या शिशाच्या ॲप्रनच्या) आत छातीवर लावला, तर तो धडाला मिळालेली मात्रा दाखवतो. सी-आर्मखाली (शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायच्या फिरत्या एक्स-रे यंत्राखाली) हाड बसवणाऱ्या शल्यविशारदाची बोटे आणि डोळे ॲप्रनच्या बाहेरच असतात, त्यांच्याबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही. डोळ्याच्या भिंगाला मोतीबिंदूचा धोका पूर्वी मानला जाई त्यापेक्षा कमी मात्रेतही असतो, हे लक्षात आल्यावर २०११ साली आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने (आयसीआरपी) भिंगासाठीची वार्षिक मर्यादा १५० वरून सरासरी २० मिलिसिव्हर्टवर आणण्याची शिफारस केली.

बॅजच नसेल तर शरीराकडूनच साक्ष घ्यावी लागते. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ असलेले जुने यंत्र फोडले गेले, अनेक जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. त्या कामगारांच्या अंगावर कसला बॅज असणार? अशा वेळी रक्तातील लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी सुमारे ४८ तास वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली दोन सेंट्रोमिअर (गुणसूत्राचा मधला आवळलेला भाग; एरवी तो एकच असतो) असलेली गुणसूत्रे शोधतात. निरोगी माणसात असे गुणसूत्र साधारण हजार पेशींत एखादे आढळते. प्रारणाने ते वाढते आणि त्या वाढीवरून मात्रेचा अंदाज बांधता येतो. काम फार चिकाटीचे आहे, कारण शेकडो पेशी एकेक करून तपासाव्या लागतात. मात्र सुमारे १०० मिलिग्रेपेक्षा (एक्स-रेच्या बाबतीत साधारण तितक्याच मिलिसिव्हर्टपेक्षा) कमी मात्रा या पद्धतीने सहसा ओळखता येत नाही. भारतात आमच्यासारख्यांना पाच वर्षांची सरासरी म्हणून वर्षाला २० मिलिसिव्हर्टची आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. म्हणजे रोजच्या कामातल्या मात्रांसाठी रक्त साक्ष देऊ शकत नाही, बॅजच हवा.

माझा आकडा जास्त आला म्हणून निदान चौकशी तरी झाली. खरी काळजी मला उलट्या प्रकाराची वाटते. शस्त्रक्रियागृहात तासन्‌तास सी-आर्मजवळ उभे राहणाऱ्या एका ज्येष्ठ डॉक्टरांचा बॅज मी कपाटाच्या खणात, पाकीटसुद्धा न उघडलेला पाहिला आहे. त्यांच्या नावापुढे दर तिमाहीला शून्य येत होते आणि त्या शून्याबद्दल त्यांना कोणीही कधी पत्र पाठवले नाही. तेव्हापासून यंत्र सुरू करण्याआधी मी खोलीतल्या प्रत्येकाला ॲप्रनची कड उचलून दाखवायला सांगते. वयाने व हुद्द्याने मोठे असले तरी विचारते, “सर, बॅज लावलाय ना?”