रतनवाडीची रात्र : एकच आकाश, काळोखाचे दोन आकडे

14 डिसेंबर 2023 रोजी मिथुन उल्कावर्षाव मोजण्यासाठी आम्ही चौघे भंडारदऱ्याच्या पुढे रतनवाडीला गेलो. अमावास्या नुकतीच उलटली होती आणि चंद्राची कोर जेवणाआधीच मावळली. मुंबईहून जाणाऱ्यांनी घोटीला वळण्यापूर्वी पेट्रोल भरून घ्यावे, उजेडीच पोहोचावे आणि जिथे उतरणार तिथल्या अंगणातला दिवा रात्रभर बंद ठेवण्याची विनंती आधीच करून ठेवावी.

उल्का मोजताना उघड्या डोळ्यांना दिसलेला सर्वांत अंधूक तारा कितव्या प्रतीचा, याचीही नोंद करावी लागते. प्रत म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितका तारा अंधूक. त्यासाठी ठरावीक ताऱ्यांच्या त्रिकोणातले तारे मोजून तक्त्यावरून मर्यादा प्रत काढतात. आम्ही पुनर्वसूचे दोन तारे आणि मिथुनेतला एप्सिलॉन यांचा त्रिकोण घेतला. दहा वाजता माझी प्रत 5.3 आली आणि शेजारच्या चटईवरच्या एकोणीस वर्षांच्या मुलाची 6.1. मी चष्मेवाला आणि पन्नाशी ओलांडलेला. माझी बाहुली त्याच्याइतकी रुंदावत नाही, हे मान्यच होते. पण बोलताना कळले की, नजर किंचित बाजूला वळवल्यावर क्षणभर लुकलुकून जाणारा ताराही तो मोजत होता, तर मी स्थिर दिसेल तोच. त्याचे बरोबर होते, कारण उल्का तरी कुठे समोर टक लावून दिसतात? त्याच्या रीतीने मोजल्यावर मी 5.6 वर आलो. उरलेला अर्ध्या प्रतीचा फरक मात्र डोळ्यांचाच होता.

अशा वेळी एखादा समंजस माणूस मधला आकडा सुचवतोच. मागे एका वर्षी आम्ही तसे केले आणि सगळी नोंद वाया घालवली. या खेपेस दोन ते तीन या तासात, उगमबिंदू, म्हणजे उल्का जिथून निघाल्यासारख्या दिसतात ती जागा, क्षितिजापासून सुमारे 75 अंशांवर असताना, मला 58 उल्का दिसल्या आणि त्याला 84. या वर्षावात मर्यादा प्रत 6.5 या प्रमाण प्रतीपेक्षा एकाने कमी असेल, तर संख्येला सुमारे 2.6 ने गुणतात. ज्याची प्रत त्याला लावून, उगमबिंदूच्या उंचीचीही दुरुस्ती केल्यावर माझा तासदर, म्हणजे आदर्श आकाशात तासाभरात दिसल्या असत्या त्या उल्का, 142 निघाला आणि त्याचा 127. दोघांनाही मधली 5.85 लावली असती, तर हेच आकडे 112 आणि 162 झाले असते.

म्हणून पुढे जाणाऱ्यांनी आपला आकडा दुसऱ्याला न सांगता लिहावा आणि दर अर्ध्या तासाने, ज्या उंचीवर उल्का पाहतो आहोत त्याच उंचीच्या त्रिकोणात तारे पुन्हा मोजावेत. पश्चिमेला मुंबई-ठाण्याचा उजेड डोंगरामागून वर येतो, तेव्हा पाय पूर्वेकडे करून झोपावे. पहिली नोंद करण्याआधी किमान अर्धा तास काळोखात काढावा. विजेरीला लाल जिलेटीन दुहेरी बांधावे. एकेरी पुरत नाही. मोबाइल तर गाडीतच बरा.

चारच्या सुमारास माझी प्रत एकदम 5.2 झाली. ढग आले असावेत असे वाटून मी वहीत तसे लिहूही लागलो, पण बाकीच्या तिघांचे आकडे जागच्या जागी होते. चष्म्यावर दव बसले होते. उपरण्याने काचा पुसल्यावर पुन्हा 5.6.