वारा पडला की

२६ डिसेंबर, फ्लोरिडा सिटी

एव्हरग्लेड्स या दक्षिण फ्लोरिडातल्या पाणथळ राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकायचा तर अटलांटाहून आय-७५ हा महामार्ग दक्षिणेला धरायचा आणि वाइल्डवूडला फ्लोरिडा टर्नपाइक या टोलरस्त्यावर चढायचं. तो रस्ता इथे, फ्लोरिडा सिटीतच संपतो. पोरांच्या थांब्यांसकट बारा-तेरा तास जातात. टोलसाठी जॉर्जियाचा पीच पास चालतो, फ्लोरिडाचा वेगळा सनपास लागत नाही. पेट्रोल, बर्फ, दूध, गॅसचे छोटे सिलिंडर सगळं इथेच भरून घ्यावं, कारण एव्हरग्लेड्सच्या दारापासून फ्लेमिंगो या ठिकाणचं कॅम्पग्राउंड ३८ मैल आत आहे आणि वाटेत गाव नाही. फोनची रेंजही भरवशाची नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवलेला बरा.

बर्फाचे खडे घेण्यापेक्षा एकसंध लादी घ्यावी. ती सावकाश वितळते. कोथिंबीर आणि दही तिच्यापासून लांब, वरच्या बाजूला.

२७ डिसेंबर, फ्लेमिंगो

दारापासून चारेक मैलांवर रॉयल पाम नावाचा थांबा लागतो. गाडी लावल्या लावल्या पहिलं काम म्हणजे ती झाकणं. इथली काळी गिधाडं वायपरचं रबर, काचेभोवतीची पट्टी, सनरूफचं सील चोचीने उचकटतात. पार्कने ताडपत्र्या आणि हुकाच्या रबरी दोऱ्या ठेवलेल्या असतात. ताडपत्री पुढच्या काचेवर आणि छतावर घट्ट ओढायची. सैल राहिली की वारा उचलतो आणि रबर उघडं पडतं. मग निवांत ॲनहिंगा ट्रेल ही पायवाट, जेमतेम ०.८ मैलाची. ॲनहिंगा म्हणजे आपल्या तिरंदाज पक्ष्याचा अमेरिकी चुलतभाऊ. तशीच लांब मान, तसेच पंख पसरून वाळवत बसणं.

हिवाळ्यातच यायचं ते पाण्यामुळे. पावसाळा साधारण मे ते ऑक्टोबर. तेव्हा पाणी सगळीकडे पसरलेलं असतं आणि मासेही. डिसेंबरपासून पाणी ओसरतं, मासे मगरीसारख्या अ‍ॅलिगेटरांनी उकरलेल्या खड्ड्यांत अडकतात, आणि बगळे, करकोचे, अ‍ॅलिगेटर सगळे एकाच पंगतीला. प्राण्यांपासून अंतर मात्र किमान १५ फूट. पोरांना पाण्याच्या काठावर वाकू देऊ नये, खरकटं पाण्यात टाकू नये. प्राण्यांना खायला घालणं गुन्हा आहे, आणि माणसाकडून अन्न मिळतं हे एकदा कळलं की तोच प्राणी धोक्याचा होतो.

पुढे 'रॉक रीफ पास' अशी पाटी येते. उंची ३ फूट! कोकणात याला कुणी खिंड म्हणणार नाही, बांध म्हणतील. पण इथे फूटभर फरकाने झाडोरा बदलतो. उंचवट्यावर पाइन, सखल भागात करवती कडांचं सॉग्रास गवत, खारं पाणी पोचलं की खारफुटी.

तंबूची जागा निवडताना सावली शोधू नये, वारा शोधावा. झाडीच्या आडोशाला हवा कोंडते आणि तिथे डास बसतात. पावसानंतर किंवा भरतीचं पाणी ओल्या जमिनीवर चढून गेल्यानंतर काही दिवसांत त्यांची नवी फौज निघते, मग डिसेंबर असो की जून. खाडीकडच्या उघड्या गवतात वारा त्यांना बसू देत नाही. पण तोच वारा तंबूही उपटतो. म्हणून तंबू बुटका घुमटाकार हवा, त्याची अरुंद बाजू वाऱ्याकडे, खुंट्या तंबूपासून बाहेर झुकलेल्या आणि चारही ताणदोऱ्या बांधलेल्या. इथली माती चुन्याच्या बारीक गाळाची आहे. कोरडी असताना कडक, ओली झाली की लोण्यासारखी, त्यामुळे पाऊस पडून गेला की खुंट्या पुन्हा ठोकायच्या.

सूर्यास्त साधारण पावणेसहाला. त्याच सुमाराला वारा पडतो आणि चावरी चिलटं येतात. ती इतकी बारीक की साध्या तंबूच्या जाळीतून आत शिरतात. म्हणून स्वयंपाक पाचच्या आत उरकावा. कुकरमध्ये दीड वाटी तांदूळ आणि वाटीभर मूगडाळीची खिचडी चौघांना पुरते, सोबत मेतकूट आणि पापड. शेगडीला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा हवाच, नाहीतर अर्धा गॅस खाडी तापवण्यात जातो. डासांसाठी अंगाला लावायचं २० टक्के पिकारिडिनचं औषध सोयीचं. डीटचं औषधही चालतं, पण दुर्बिणीचं प्लॅस्टिक खराब करतं.

झोपण्याआधी अन्न, कूलर आणि टूथपेस्टसुद्धा गाडीत. रकून फार हुशार असतात. कोरड्या दिवसांत गोड्या पाण्यासाठी ते प्लॅस्टिकचे कॅनही कुरतडतात, तेही गाडीतच ठेवावेत.

२८ डिसेंबर, रात्री

वारा दक्षिणेकडून उबदार वाहू लागला, ढग जमले, की थंडीची लाट येते आहे असं समजावं. एक सर पडते, वारा वायव्येला फिरतो आणि पारा एका रात्रीत दहा अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ शकतो. 'फ्लोरिडा म्हणजे उन्हाळा' या समजुतीने नुसती चादर घेऊन आलेले लोक मग गाडीत हीटर लावून झोपतात. पाच अंशांपर्यंत चालणारी स्लीपिंग बॅग आणि खाली चटई, एवढं हवंच. तंबूवरचं आच्छादन निरभ्र रात्रीही काढू नये, दव धो धो पडतं. फक्त झरोके उघडे ठेवावेत, नाहीतर श्वासाचं पाणी आतून ठिबकतं.

अशा लाटेत बोटींच्या धक्क्याजवळ मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. अ‍ॅलिगेटरचं थोबाड रुंद आणि काळपट, मगरीचं निमुळतं, राखाडी-हिरवट, खालचा दात मिटल्या तोंडाबाहेर. हे दोघे एकत्र रानात राहतात ते फक्त दक्षिण फ्लोरिडात.

उत्तरेचा वारा खाडीतलं पाणी बाहेर ढकलतो. त्यात ओहोटी आली की चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि पांढरे पेलिकन तिथे गोळा होतात. गुलाबी पक्षी दिसला की ठाण्याच्या खाडीची सवय असलेले 'फ्लेमिंगो!' म्हणून ओरडतात. दुर्बिणीतून आधी चोच बघावी. शेवटी पळीसारखी चपटी असेल तर तो चमचा पक्षी, आणि बहुतेक वेळा तोच असतो.