लेकरं कुठंयत गं?

रविवारी भाचीनं ओहायोहून, चर्चमधूनच व्हिडिओ कॉल केला. मागचे सात-आठ बाक रिकामे, पुढं सगळी पांढऱ्या केसांची माणसं. इकडं जालन्यात आई गीतांचं पुस्तक छातीशी धरून बघत होती. "पोरी, लेकरं कुठंयत गं?" एवढंच विचारलं तिनं.

2007 मध्ये अमेरिकेतले 78 टक्के प्रौढ स्वतःला ख्रिस्ती म्हणवत; प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या 2023-24 च्या पाहणीत 62. बाक रिकामे होतायत, पण राजकारणातला आवाज काही कमी झालेला नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा देशव्यापी हक्क काढला, ती इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट गटांची जुनी मागणी. 2024 मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांतले दहापैकी आठजण ट्रम्प यांच्यामागं होते. आणि काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेले मार्टिन ल्यूथर किंगही चर्चमधूनच उभे राहिले होते ना!

बाक रिकामे आणि राजकारण जोरात, हे मला फार टोचतं. दुष्काळात आमच्या चर्चच्या हापशावर सगळी गल्ली घागरी घेऊन उभी असायची. मत कुणाला, हे कुणी विचारलं नाही.

भाची शनिवारी तिथं गरजूंसाठी पिठाच्या पिशव्या भरते. "मावशी, त्या दिवशी तरुण पोरं येतात," ती म्हणाली. आईनं लगेच विचारलं, "किती येतात?"