सशाचे दात आणि विम्याचे कलम

इंग्लंडमध्ये सशाचा विमा उतरवताना पॉलिसीत एक कलम बहुधा आढळते. दातांच्या आजाराचा खर्च मिळायला हवा असेल, तर वर्षातून एकदा पशुवैद्याकडून दात तपासून घेतलेले असले पाहिजेत आणि त्यांनी सुचवलेले उपचार ठरलेल्या मुदतीत झालेले असले पाहिजेत. कंपनीगणिक अटी बदलतात, काही पॉलिसींत दातांचा खर्च मुळातच धरलेला नसतो. म्हणून हप्त्याच्या आकड्याआधी हे कलम वाचावे. कोथरूडच्या मावशीला हे फोनवर सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "अरे, माझ्या कवळीला कोणी विचारत नाही आणि तुझ्या सशाचे एवढे लाड!"

लाडाचा यात भाग नाही. सशाला २८ दात असतात आणि ते सगळेच, दाढांसकट, जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर. गवत सतत चावल्याने ते झिजतात, पण घरी विकतच्या खाद्याच्या गोळ्या आणि गाजराचे तुकडेच पुढे येत राहिले, तर वाढ आणि झीज यांचा मेळ बसत नाही. मग खालच्या दाढांना जिभेच्या बाजूने आणि वरच्या दाढांना गालाच्या बाजूने अणकुचीदार टोके येतात, तोंडात जखमा होतात आणि ससा खाणे टाकतो. खाणे थांबले की आतड्याची हालचाल मंदावते आणि जिवावर बेतू शकते. त्यातच दुखणे लपवणे हा या प्राण्याचा स्वभाव असल्याने घरच्यांना ते उशिराच कळते.

आमच्या डॉक्टर सशाला टॉवेलमध्ये गुंडाळतात आणि आधी खालच्या जबड्याची कड बोटांनी चाचपतात, कारण दाढांची मुळे खाली वाढली असतील तर हाडावर उंचवटे लागतात. डोळ्यांतून पाणी येते का, हनुवटीचे केस ओले आहेत का, हे पाहून झाले की ओठ वर करून पुढचे दात जुळतात का ते बघतात आणि शेवटी ऑटोस्कोपचे, म्हणजे एरवी कान तपासायच्या उपकरणाचे, नळकांडे तोंडाच्या कोपऱ्यातून आत सारून दाढा न्याहाळतात. वार्षिक लसीच्या भेटीतच हे उरकते. अर्थात जागेपणी सगळे दिसत नाही. शंका आली तर भूल देऊन तपासतात, मुळांसाठी एक्स-रे काढतात. भुलीआधी सशाला उपाशी ठेवत नाहीत, कारण त्याला उलटी होत नाही आणि रिकामे आतडेच त्याला घातक ठरते. 'रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही' हे ऐकत वाढलेल्या माणसाला ते पचायला वेळ लागतो.

दावा केला की कंपनी पशुवैद्याकडून सशाची सगळी नोंद मागवते. तिथे नुसते 'लस दिली' एवढेच लिहिलेले असेल, तर दात तपासल्याचे सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून निघण्यापूर्वी मी दातांची नोंद झाली का, हे विचारून घेतो. याच नोंदीची दुसरी बाजूही आहे. विमा सुरू होण्याआधी दाढांचा दोष लिहिला गेला असेल, तर तो आधीपासूनचा आजार ठरतो आणि सहसा वगळला जातो. दाढा एकदा बिघडल्या की त्या पुन्हा पुन्हा घासाव्या लागतात, त्यामुळे हे वगळणे फार महागात पडते. ससा लहान असतानाच विमा घ्यावा, हे माझे मत त्यावरूनच बनले.

आपल्याकडे पाळीव प्राण्यांचा विमा मुख्यतः कुत्र्यामांजरांचा, त्यामुळे पुण्यात या कलमाचा धाक नाही. तपासणी मात्र तितकीच गरजेची आहे. सशांचा अनुभव असलेला डॉक्टर फोन करून आधीच शोधून ठेवावा आणि वाळलेले गवत दिवसभर पुढ्यात असू द्यावे. वाढलेले दात कोणी नेलकटरने कापून देऊ लागले, तर साफ नकार द्यावा. तसे केल्याने दात उभा चिरतो आणि मुळाशी गळू होऊ शकते. ते काम पशुवैद्याने फिरत्या बारीक यंत्राने घासून करायचे असते.