खुंट्यावरचा दुसरा हात

आजीचं जातं आता आमच्या बाल्कनीत असतं, डोक्यावर मनीप्लांटची कुंडी घेऊन. गेल्या रविवारी कुंडी खाली ठेवली आणि वरचा दगड फिरवून पाहिला. घरघर तीच. पण चार फेऱ्यांत खांदा भरून आला.

जातं दोघींनी ओढायचं, असं आजी सांगायची. समोरासमोर बसायचं, एक पाय लांब, एक दुमडलेला, खुंट्यावर दोघींचे हात एकावर एक. एकीनं मूठमूठ दाणे वैरायचे, तेवढ्यात दुसरीनं फेरा मोडू द्यायचा नाही. पण जाऊ माहेरी आणि सासू अंथरुणाला खिळलेली, असेही दिवस असायचे. मग गं?

"मग काय, जनीचा विठोबा यायचा की!"

हे ती असं सांगायची, जणू पलीकडच्या आळीतला कुणी ओळखीचा.

जनाबाई मूळची गंगाखेडची, पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात तिचं म्हणून जातं दाखवतात. या कथेतली मला आवडणारी गंमत अशी की विठ्ठलानं चमत्कार करून पिठाचा ढीग पाडला नाही. बैठक मारली आणि खुंटा धरला. दळण होतं तेवढंच राहिलं. आपल्याकडच्या कथांत हा देव पक्का हरकाम्या आहे. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षं कावडीनं पाणी भरलं. दामाजीपंतांनी दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारं लोकांना मोकळी केली, तेव्हा विठू महार होऊन बिदरच्या दरबारात पैसे भरून आला. सेना न्हावी पूजेत रमले, तर धोकटी काखोटीला मारून राजाकडे हाच गेला.

चोखोबांपाशी मात्र माझं अडतं. त्यांच्याबरोबर यानं ढोरं ओढली म्हणतात. पण १३३८ साली मंगळवेढ्याचं गावकूस कोसळलं ते चोखोबांच्या अंगावर, तेव्हा भिंतीला हात लावायला हा कुठे होता? कथा सांगते की ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं, ती नामदेवांनी ओळखून आणली. समाधी झाली ती देवळाबाहेर. आत जायची वाट साने गुरुजींच्या उपोषणानंतर मोकळी झाली, १९४७ मध्ये. म्हणजे सहाशे वर्षं दार कुणी अडवून धरलं होतं, हा जाब विठोबाला विचारायचा की आपल्याला, ते ठरवताना मी दर वेळी थोडा ओशाळतो.

माझं स्वतःचं दुःख यापुढे अगदी किरकोळ. स्टेशनरीचं दुकान होतं, ते २०२१ मध्ये बसलं. (१६३०च्या दुष्काळात तुकोबांचंही दिवाळं निघालं होतं, असं लोक मला समजावायचे. पण ते तुकोबा!) 'माणसातच देव असतो' हेही बरेच जण ऐकवून गेले. ते वाक्य आता टाकी न लावलेल्या जात्यासारखं झालंय, दाणे घालावे तसे बाहेर पडतात.

रात्री सगळे झोपले की मी देण्याची वही काढून बसायचो. आजी तेव्हा नव्वदीला टेकलेली. भिंत धरत धरत यायची आणि समोर बसायची, एक पाय लांब, एक दुमडलेला. तिला वाचता येत नव्हतं. काय झालं, कसं झालं, आता काय करणार, यातलं तिनं एकदाही काही विचारलं नाही. देवाचं नावही काढलं नाही. मी एका पानाची बेरीज संपवून पेन खाली ठेवला की म्हणायची,

"किती?"

मी आकडा सांगायचो. तो मोठ्यानं म्हणायची मला लाज वाटायची, म्हणून पुटपुटायचो. तिला नीट ऐकू यायचं नाही, मग पुन्हा सांगावा लागायचा, मोठ्यानं.

"बरं," ती म्हणायची. "उलट पान."