तुम्ही विचारलंत म्हणून : एक लिटर म्हणजे किती तांबे?

सांगलीत कुणाच्याही लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आत एकदा तरी विचारलं जातं : "तू त्या आरोग्याच्या मोठ्या परदेशी संघटनेत आहेस ना? मग डॉक्टरकी कुठं केलीस?" डॉक्टरकी केलेली नाही. नर्सिंगही नाही. "अगंबाई, मग तिथं करतेस काय?" आणि उत्तराची वाट न बघता पुढचा प्रश्न : "पर्मनंट आहे का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नाही. अकरा महिन्यांचा करार असतो. संपत आला की पोटात गोळा येतो, मग पुन्हा अकरा महिने. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी पंधरा वर्षं टाळत आले. इंग्रजी पदनाम सांगितलं की समोरचा "बरं बरं" म्हणून मठ्ठ्याकडे वळतो. शेवटी माझ्या आत्याने परस्पर तोडगा काढला. ती सगळ्यांना सांगते, "आमची पोरगी दवंडी पिटते. हलगी तेवढी नाही."

आत्याचं निम्मं बरोबर आहे. कोतवाल हलगी वाजवत गावातून फिरायचा, "ऐका हो ऐका" म्हणायचा आणि उद्या देवी टोचायला माणसं येणार आहेत, एवढं सांगून पुढच्या आळीत जायचा. पण तो त्याच गावचा होता. कुणाच्या घरात तान्हं मूल आहे, कोण कुणाचं ऐकत नाही, सगळं त्याला ठाऊक असायचं. माझ्याकडे निरोप येतो तो चाळीस पानांचा, इंग्रजीत, जिनिव्हात लिहिलेला आणि दिल्लीत तपासलेला. तो जत तालुक्यातल्या एखाद्या घरात पोचेपर्यंत सात-आठ शब्दांचा व्हावा लागतो. ते सात-आठ शब्द शोधायचे, हे माझं काम.

उदाहरणच देते. बाळाला जुलाब लागले तर जलसंजीवनी द्यायची, हे सगळ्यांना माहीत आहे. पाकीट २०.५ ग्रॅमचं. आमच्या तक्त्यावर छापलेलं होतं : 'एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळा.' यात चुकीचं काहीच नाही. जतकडच्या एका अंगणवाडीत मी एका आईला म्हटलं, करून दाखवा. तिने स्टीलचा पेला आणला, काठोकाठ पाणी भरलं, अख्खं पाकीट त्यात ओतलं आणि बोटाने ढवळलं. असलं दाट पाणी मूल ओकून टाकतं, आणि पोटात गेलं तरी मीठ जास्त होऊन उलटा त्रास होऊ शकतो. मी विचारलं, "लिटर किती असतं, माहीत आहे का?" ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "म्हाईत नसंल व्हय? रोज डेअरीला चार लिटर घालतो की आम्ही."

तिला लिटर माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. फक्त ते दुधाचं माप होतं. पाणी कुणी लिटरने मोजत नाही. पाणी हंडाभर असतं, कळशीभर असतं, तांब्याभर असतं. मग तांब्याने सांगू म्हणून आम्ही वस्तीवरच्या आठ घरांतले तांबे आणून मोजले. आठांचे आठ वेगळे! एका आजींचा पितळी तांब्या तर मापात बसेचना, तो लग्नात माहेरहून आलेला होता आणि त्याच्या पोटाला दोन पोचे होते. शेवटी सापडली ती पाण्याची लिटरची प्लॅस्टिक बाटली. एसटीत घेतलेली, नंतर रानात पाणी न्यायला ठेवलेली. ती आठही घरांत निघाली. 'एक बाटली, एक पाकीट.' झालं.

झालं कुठलं! बैठकीत कुणीतरी म्हणालं, यातून प्लॅस्टिकला प्रोत्साहन मिळतंय. त्यावर तीन आठवडे गेले. त्याच बैठकीत 'अतिसार' हा शब्द काढावा म्हणून मी भांडत होते. गावात कुणाच्याही बाळाला अतिसार होत नाही, हगवण लागते. 'हगवण' म्हटल्यावर खोलीत अशी शांतता पसरली, जणू मीच काहीतरी करून ठेवलंय. तडजोड 'जुलाब'वर झाली. आता जुलाब मूळचा घेण्याचा, पोट साफ करायला, हे माझी आजी असती तर तिने सुनावलं असतं. पण तडजोडी अशाच होतात.

जलसंजीवनीबरोबर झिंकची गोळी द्यायची असते, रोज एक, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात आणि गोळीही थांबते. "बरं झालंय की आता, कशाला घालायची गोळी?" प्रश्न अगदी शहाण्या बाईचा आहे. पुढचे काही महिने पुन्हा जुलाब लागू नयेत म्हणून, हे उत्तर खरं असलं तरी न घडणाऱ्या गोष्टीसाठी रडणाऱ्या पोराच्या तोंडात गोळी कोण कोंबणार? ही गाठ एका आशाताईने सोडवली. ती गोळ्यांची पट्टी देताना भिंतीवरच्या कालनिर्णयवर चौदाव्या दिवसाला गोल करायची आणि तिथपर्यंत रोज फुली मारायला सांगायची. फुल्या मारायचं काम थोरल्या पोराकडे. अर्धवट फुल्यांचं कॅलेंडर पोराला बघवत नाही, तो आईच्या मागे लागतो. चाळीस पानांत हे कुठे नव्हतं.

मग काय, लोकांचं माप घ्या आणि त्यात निरोप बसवा, एवढंच का? मलाही तसं वाटायचं. २०१९ पर्यंत.

पुराचं माप सांगलीकराला शिकवावं लागत नाही. कोयनेतून इतके क्युसेक सोडले, अलमट्टीतून तितके, हे टीव्हीवर चालतं. गल्लीत एकच प्रश्न : आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला, किती फूट? ४० ला इशारा, ४५ ला धोका, शाळकरी पोरालाही पाठ. धोका असा घराघरात समजलेला गाव मी दुसरा पाहिलेला नाही. आणि तरीही त्या ऑगस्टमध्ये माणसं घरातून हलेनात. कारण प्रत्येकाच्या भिंतीवर २००५ ची रेघ होती. तेव्हा पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, आणि "आमच्या तिसऱ्या पायरीला लागून परत गेलतं" हे सांगणारा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याचं माप अनुभवाचं होतं. २०१९ ला पाणी ५७ फूट ओलांडून गेलं. जे माप गावाला कळत होतं, त्यानेच गाव घरात बसवून ठेवला. माझे काका-काकू त्यातच होते, दुसऱ्या दिवशी बोटीने काढावे लागले. काकू अजून म्हणते, "रेघ बघून बसलो."

त्याच आठवड्यातली माझी स्वतःची करामतही सांगून टाकते. पुरानंतर पाण्याचे आजार येतात, म्हणून निवारा केंद्रांत लावायला घाईने फ्लेक्स हवे होते. माझ्याकडे एक तयार फाइल होती, दुसऱ्या जिल्ह्यासाठी केलेली. लख्ख ओटा, गॅसची शेगडी, वाफाळतं पातेलं, हसरी गृहिणी, 'पाणी उकळूनच प्या'. दिली छापायला. दोन दिवसांनी एका शाळेतल्या केंद्रात गेले, तर वर्गाच्या दाराशी तो फ्लेक्स झळकत होता आणि खाली बाकांवर कपड्यांची बोचकी वाळत होती. चिखलाने भरलेल्या साडीतली एक बाई फ्लेक्सकडे बघत उभी होती. मला म्हणाली, "मॅडम, हे कशावर उकळायचं ओ? शेगडी पाण्यात, सिलिंडर गेलं वाहून." मग पुन्हा वर बघून, "ही कुठली हाय बाई? तिचं घर बरं कोरडं ऱ्हायलं."

मी फ्लेक्स काढायला लावला. मेडिक्लोरच्या, म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या औषधाच्या, बाटल्या आलेल्या होत्या. केंद्रातला हंडा कितीचा, त्याला थेंब किती, हे आरोग्यसेवकाने हिशेब करून दिलं आणि मी ते मार्करने पुठ्ठ्यावर लिहून हंड्यालाच बांधलं. खाली एक ओळ : 'अर्धा तास थांबा. वास येतोय म्हणजे औषध पडलंय.' ती ओळ महत्त्वाची होती, कारण वास येतो म्हणून सकाळचं पाणी कुणीतरी ओतून दिलं होतं.

पुढच्या वर्षीचं थोडक्यात. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, जिनिव्हातून इंग्रजी शब्द बदलून आला : आता 'सोशल डिस्टन्सिंग' म्हणू नका, 'फिजिकल' म्हणा. तोवर मराठीत 'सामाजिक अंतर' सगळीकडे छापून झालं होतं. ते वाचून एका कार्यकर्त्याने मला फोनवर विचारलं, "आमच्या गावात ते कमी कधी होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रेशन दुकानासमोर चुन्याची गोल वर्तुळं आखली गेली आणि शब्दाची गरजच संपली.

कोण सांगतं, हाही मुद्दा आहे, आणि तो मला सांगलीनेच शिकवला. एचआयव्हीच्या काळात, १९९२ पासून, इथे 'संग्राम' संस्थेने वेश्याव्यवसायातल्या बायकांकडेच निरोध आणि माहिती सोपवली. एकीने दुसरीला सांगायचं. आमच्या प्रशिक्षणात याला इंग्रजी नाव आहे आणि तीन दिवसांचा कोर्स आहे.

पण निरोप पोचवण्याच्या या माझ्या धंद्यातली सगळ्यात भारी ओळ कुठली म्हणाल तर ती माझ्या आजोळी, तासगावकडे, एका भिंतीवर होती. लहानपणी मी ती पुसट पुसट वाचलीय : देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा. देशातला शेवटचा देवीचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात सापडला, १९८० ला जग देवीमुक्त जाहीर झालं, तरी भिंतीवर गेरू होताच. कळवा, मिळवा. काय करायचं, त्याचं काय मिळेल, संपलं. आज ती ओळ माझ्या टेबलावर आली असती तर बक्षिसाची रक्कम किती जणांना चालेल यावर एक समिती बसली असती.

कॉलेजातली मुलं विचारतात, यात शिरायचं कसं? इंग्रजी चांगलं लागतं, हे खोटं कशाला सांगू. आरोग्य किंवा पत्रकारितेचं शिक्षण असेल तर दार लवकर उघडतं. पण मुलाखतीला येणाऱ्या दहांतल्या आठांना आपल्या तालुक्यातलं उपकेंद्र कुठल्या वारी लसीकरण करतं हे सांगता येत नाही. आधी तिथे जाऊन एक दिवस बसा.

डिसेंबर २०१९ मध्ये मी वाळवा तालुक्यात ऊसतोड कामगारांच्या तळावर गेले होते. मुलांच्या राहिलेल्या लसी बघायच्या होत्या. बीडकडची माणसं, पाचटाच्या कोप्या, बैलं, सकाळचा गारठा. एका कोपीवर ताणून बांधलेला फ्लेक्स ओळखीचा वाटला. जवळ गेले तर आमचाच. कुठल्या केंद्रातून, कुणाच्या हातून तिथवर आला, देव जाणे. छापलेली बाजू आत होती. वाकून आत गेले. डोक्यावर हसरी गृहिणी, लख्ख ओटा, 'पाणी उकळूनच प्या', आणि बरोबर तिच्या खाली तीन दगडांच्या चुलीवर पातेलं खदखदत होतं.

"बसा बाई," आतली बाई म्हणाली, "च्या टाकलाय."

आमच्या अहवालात शेवटी एक रकाना असतो : किती लोकांपर्यंत पोचलं. त्या कोपीत नवरा-बायको आणि तीन पोरं राहत होती. मी पाच लिहिले.