एका पंखाच्या घारीसाठी कायमची जागा शोधताना

जखम भरली, टाके निघाले, घार स्वतः मांस फाडून खाऊ लागली आणि अवघड काम तिथून सुरू झालं. उजवा पंख कोपर आणि मनगट यांच्या मधून काढावा लागला होता, त्यामुळे परत सोडण्याचा प्रश्नच नव्हता. उपचार केंद्रात अशा पक्ष्याला कायम ठेवता येत नाही. जागा अपुरी असते, सतत नवे आजारी पक्षी येतात, त्यांच्याबरोबर जंतू येतात, माणसांची वर्दळ थांबत नाही. नीट सांभाळलेली घार वीस वर्षांहून जास्त जगते. जागा शोधायची ती तेवढ्या काळासाठी.

पण त्याआधी डॉक्टरांबरोबर बसून एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे हा पक्षी बंदिवासात वेदनेशिवाय जगू शकेल का. कोपराच्या वरून पंख गेला की तोल फार बिघडतो, पक्षी पडत राहतो आणि पंखाच्या उरलेल्या खुंटाला पुन्हा पुन्हा मार बसतो. एक पाय गेलेल्या शिकारी पक्ष्याचा सगळा भार दुसऱ्या पंज्यावर येतो, तळवा सुजतो, तिथे फोड होऊन संसर्ग हाडापर्यंत जातो. अमेरिकेच्या नियमांत तर पाय, किंवा कोपरापासून वरचा पंख कापावा लागत असेल, तर साधारणपणे दयामरणच सांगितलं आहे. आपल्याला ते कठोर वाटतं, पण कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, माणूस दिसला की जाळीवर धडका देणारा पक्षी वर्षानुवर्षं जगवणं ही दया नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. आमची घार दांडीवर सरळ बसत होती, स्वतः खात होती, माणूस आत असतानाही तिचं खाणं थांबत नव्हतं. म्हणून पुढचा विचार केला.

मग फाईल तयार केली. त्यात खुंटाचा एक्स-रे, शस्त्रक्रियेची नोंद, विष्ठेची तपासणी, घशातल्या जंतूंची तपासणी, दर आठवड्याचं वजन आणि रोजचं खाणं होतं. वजन नेहमी खाण्याआधी आणि एकाच वेळेला घ्यायचं, नाहीतर आकडे जुळत नाहीत. या सगळ्याहून उपयोगी ठरला तो व्हिडिओ. कॅमेरा ठेवून माणसं बाहेर गेली आणि घार दिवसभर काय करते ते टिपलं. उजवीकडे वळताना ती डावा पंख अर्धा उघडते, शेपूट पसरून तोल सांभाळते, मग उडी मारते. डावीकडची उडी सरळ जाते, उजवीकडची कमी पडते. हे कुठल्याही दाखल्यात लिहिलेलं नसतं, आणि नव्या जागेतल्या दांड्या कशा लावायच्या हे यावरूनच ठरतं. खोड्याही लपवू नयेत. पाठमोऱ्या माणसावर ती झेपावते, हे आम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं.

न उडणाऱ्या पक्ष्याला जागा मिळते ती साधारण तीन कामांसाठी. लोकांना दाखवून माहिती देण्यासाठी, अनाथ पिल्लांना सांभाळण्यासाठी, किंवा आधीपासून असलेल्या त्याच जातीच्या पक्ष्याला सोबत म्हणून. दुसरं काम मला सर्वात मोलाचं वाटतं. पिल्लं माणसाच्या हातून वाढली तर माणसालाच आपलं समजू लागतात आणि मग तीही सोडता येत नाहीत. मोठी घार समोर असली की ती घारीसारखी वाढतात.

लगेच होकार देणाऱ्यांपासून सावध राहावं लागलं. 'पाठवून द्या, आमच्याकडे भरपूर जागा आहे' असं म्हणणाऱ्यांनी अनेकदा घार काय खाते हेही विचारलं नाही. जिथून उलट प्रश्नांची यादी आली, तिथेच पुढे बोलणी केली. आम्ही विचारलेल्या प्रश्नांत खाण्याचा प्रश्न पहिला होता. नुसतं हाडाविना मांस घातलं तर कॅल्शियम कमी पडून हाडं ठिसूळ होतात. उंदीर किंवा कोंबडीची पिल्लं अख्खी मिळायला हवीत, पिसं आणि केसांसकट, कारण न पचलेल्या भागाची गोळी ओकून टाकणं हा तिच्या पचनाचा भाग आहे. पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर जवळ आहे का, तळवे किती वेळा तपासले जातात, मुख्य माणूस रजेवर गेला की कोण बघतं, हेही विचारलं.

पिंजऱ्याचे फोटो मागवले आणि पहिल्यांदा आलेले सगळे उंच, देखणे, उडणाऱ्या पक्ष्यांसाठी बांधलेले होते. घार उंच जागा शोधतेच. चोच आणि पंजे वापरून जाळी चढून ती वर जाईल, पण उतरताना दगडासारखी खाली येईल आणि छातीच्या मधल्या हाडावरची कातडी फाटेल. पंख नसलेल्या पक्ष्यांत ही जखम वारंवार दिसते आणि भरायला फार त्रास देते. म्हणून आम्ही आराखडा काढून पाठवला. सर्वात उंच दांडी साधारण एक मीटरवर, तिथपर्यंत जायला कमी चढाची फळी, फळीवर काथ्याची दोरी गुंडाळलेली. मधल्या दांड्या पायरीसारख्या, उजवीकडचं अंतर डावीकडच्यापेक्षा कमी. दांड्यांची जाडी वेगवेगळी, म्हणजे तळव्याच्या एकाच जागी दाब येत नाही. बाजूच्या जाळीला आतून गुळगुळीत पट्ट्या किंवा पडदा, नाहीतर चढण्याच्या प्रयत्नात पिसं तुटतात. खाली बारीक गोल खडी, पाणी न साचणारी. ओल्या गवतावर बुरशी वाढते आणि शिकारी पक्ष्यांच्या फुप्फुसांना ती जीवघेणी ठरते. जाळी जमिनीत साधारण एक फूट गाडलेली हवी, कारण खणून आत शिरणाऱ्या प्राण्यापासून न उडणारा पक्षी पळू शकत नाही. दोन दारांची व्यवस्था तर हवीच, म्हणजे एक दार बंद केल्यावरच दुसरं उघडायचं.

कागदपत्रांबद्दल एवढंच, की वन्य पक्ष्याचा ताबा हस्तांतरित करायचा तर देणारा आणि घेणारा दोघांकडेही वन्यजीव खात्याची परवानगी लागते, आणि वाहतुकीचं पत्र व आरोग्य दाखला प्रवासाच्या तारखेच्या जवळचाच असावा लागतो. हे सगळं हातात येईपर्यंत तारीख ठरवू नये.

प्रवासाला तारांचा पिंजरा कधीच वापरू नये. आम्ही भक्कम भिंतींचा खोका घेतला, आतून सुमारे ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ५० उंच. घार उभी राहील, वळेल, पण पंख उघडून आपटणार नाही. हवेची भोकं दोन सेंटिमीटरची, तिच्या नजरेच्या खाली. तळाला गालिच्याचा तुकडा चिकटवला, कारण वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात. शेपटीला जुनी एक्स-रे फिल्म दुमडून बसवली आणि बुडाशी कागदी चिकटपट्टी लावली. असं केलं नाही तर खोक्यात वळताना शेपटीची पिसं मोडतात आणि पुढची पिसं येईपर्यंत तोल सांभाळायचं तिचं मुख्य साधन जातं. आदल्या दिवशी हाडं आणि पिसं नसलेलं हलकं खाणं दिलं, निघताना गळ्यातली अन्न साठवणारी पिशवी रिकामी असल्याची खात्री केली. भरल्या पिशवीने प्रवास झाला तर ओकारी श्वासनलिकेत जाऊ शकते. निघालो ते उन्हं चढण्याआधी. गाडीत गाणी नाहीत, खोका उघडून बघणं नाही.

नव्या जागी पहिले ३० दिवस इतर पक्ष्यांपासून वेगळं ठेवायचं ठरलं होतं. सुरुवातीचे एक-दोन दिवस न खाणं चालतं, पण वजन दहा टक्क्यांनी उतरलं किंवा छातीच्या हाडाची कड धारदार लागली तर लगेच डॉक्टर. खाणं आम्ही तिच्या ओळखीच्या थाळीसकट पाठवलं. थाळी पाहून ती पुढे आली, तर त्या अनोळखी जागेत खाणं सुरू करायला मदत होते.

करारात दोन अटी आम्ही सोडल्या नाहीत. जागा बंद झाली किंवा घार तिथे रुळली नाही तर ती तिसऱ्या कुणाला न देता आमच्याकडे परत यायची. आणि पहिलं वर्षभर दर महिन्याला वजन व दोन्ही तळव्यांचे खालून काढलेले फोटो पाठवायचे. नुसता घारीचा फोटो नको, तळव्यांचाच हवा, कारण बिघाड सर्वात आधी तिथे दिसतो.